शास्त्रात नसलेला मालक

टेंभुर्णीच्या शिवाराला लागून, दोन लिंबांच्या मधोमध, पत्र्याचं एक लहानसं चर्च आहे. मंडळी म्हणाल तर मूठभर उंबऱ्यांची, पण नाताळ आला की अख्खं गाव तिथं लोटतं. बौद्धवाड्यातले येतात, माळकरी येतात, एरवी कुठंच न जाणारे तर सगळ्यांत आधी येऊन पुढं बसतात. का येता म्हणून विचारलं तर कुणी बुंदीचं नाव घेईल, कुणी चांदणीच्या दिव्याचं. खरं कारण होतं कडूबा.

नाताळच्या नाटकात कडूबा उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा, मालक व्हायचा. प्लायवूडचं एक दार होतं, त्याच्यात डोकं आणि एक हात मावेल एवढं चौकोनी भोक. योसेफ-मरिया दमूनभागून बेथलेहेमात यायचे, मरिया गाढवावर, योसेफाच्या हाती दोरी. योसेफानं कडी वाजवली की भोकातून कडूबाचं पटकेवालं डोकं बाहेर यायचं, आणि मग ओव्या सुरू:

“पहिल्या खोलीत गं कारकून गणतीचा,
दुसऱ्या खोलीत गं शिपाई पलटणीचा,
तिसऱ्या खोलीत गं कुणबा माझ्या बहिणीचा...”

कारकून, शिपाई आणि बहीण ही कायमची भाडेकरी. चौथ्या खोलीपासून पुढं दरसाल नवी माणसं. एका वर्षी सडकेचा गुत्तेदार आत झोपला, एका वर्षी निवडणुकीला पडलेला उमेदवार. नाताळ जवळ आला की पारावर पैजा लागायच्या, यंदा कडूबा कोणाला आत कोंबतो म्हणून. ज्याचं नाव ओवीत यायचं तो वर्षभर ताठ चालायचा. सगळ्या खोल्या गाऊन झाल्या की कडूबा हात बाहेर काढून रस्ता दाखवायचा आणि म्हणायचा, “जागा न्हाई. पुढं व्हा.” तेवढं ऐकलं की गाढवीण आपली आपण वळायची. तिला कोणी ओढावं लागत नसे.

ही गाढवीण रामप्रसादची. रामप्रसाद वीटभट्टीवाला, जातीनं कुंभार, कडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त. गाढविणीचं नाव त्यानं हरणी ठेवलं होतं, आणि ते गमतीनं ठेवलंय असं त्याला कोणी म्हटलेलं खपत नसे. वर्षभर विटा वाहणाऱ्या हरणीला नाताळच्या दिवशी शांपूनं आंघोळ, पाठीवर झूल आणि नाटक संपवून भट्टीवर परतली की गुळाचा खडा. त्यामुळे “पुढं व्हा” हे दोन शब्द तिला सगळ्या भाषेत सर्वांत गोड वाटायचे.

कडूबानं सारी उमर एका दवाखान्याच्या फाटकावर चौकीदारी केलेली. भेटायची वेळ संपली की संपली, मग समोर कोणी असो. आता निवृत्त होऊन घरी बसला होता. घरात त्याचं कोणी फारसं ऐकत नसे, बाहेर तर त्याहून कमी. वर्षातली ती एक संध्याकाळ मात्र त्याची होती. त्या भोकातून बाहेर पाहिलं की सगळं गाव त्याच्याकडे बघत असायचं. बाकीचं वर्ष म्हणजे त्या भोकापर्यंत जायची वाट.

आणि ह्याच भोकावर त्याच्या बायकोनं बोट ठेवलं.

झालं ते असं. बदनापूरकडून चर्चला नवे पाळकसाहेब बदलून आले. वयानं कोवळे, अंगानं काडी, आणि स्वभाव असा की मीठ टाकायचं तरी आधी देवाला विचारतील. त्यांनी बुधवारच्या संध्याकाळी प्रौढांचा शास्त्राभ्यास सुरू केला. शास्त्र हे जन्मभर शिकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. कडूबाला हे बिलकुल पटलं नाही. त्याच्या मते शास्त्र म्हणजे देवीची लस. एकदा टोचली की झालं, वण दाखवायला दंड आहेच. त्याचं दृढीकरण, म्हणजे परीक्षा घेऊन मंडळीत पक्कं करायचा विधी, मिसरूड फुटायच्या आधी झालं होतं, तेव्हा त्यानं दहा आज्ञा एका दमात म्हणून दाखवल्या होत्या आणि दम उरला म्हणून पहिल्या दोन पुन्हा म्हटल्या होत्या. आता परत कशाला? पास झालेला माणूस पहिलीत जाऊन बसतो का?

त्याची बायको सगुणाबाई मात्र जाऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. नातवंडं झाल्यावर ती अक्षरं शिकली, आणि आता ओळीखाली बोट धरून वाचायची, सुपातले खडे निवडावेत तशी. एक शब्द उचलायची, उजेडात धरायची, मगच खाली ठेवायची. असं निवडत निवडत ती लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाला पोचली. येशूच्या जन्माचा, म्हणजे नवऱ्याचा अध्याय म्हणून तिनं तो दोनदा निवडला, मग तिसऱ्यांदा. त्या रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, “आवो, तुमी न्हाई त्याच्यात.”

“कशात?”

“शास्त्रात.”

कडूबाचा घास हातातच राहिला. सगुणाबाईनं शांतपणे सांगितलं, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच लिहिलंय. कोणी सांगितलं, कसं सांगितलं, मालक होता की मालकीण, एक अक्षर नाही. कडूबा म्हणाला, पान चिकटलं असेल. ती म्हणाली, मी पान दिव्यासमोर धरून पाहिलं. तो म्हणाला, मग पुढच्या बाजूला असेल. ती म्हणाली, पुढच्या बाजूला मेंढपाळ आहेत.

“आन् गाढव?” कडूबानं विचारलं.

“गाढव बी न्हाई,” सगुणाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

एवढ्यावर राहिलं असतं तर घरचं भांडण घरात जिरलं असतं. पण सगुणाबाईनं तीच शंका बुधवारी पाळकसाहेबांपुढं ठेवली. त्या बिचाऱ्यांनी पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं, परत उघडलं. मग लाजून कबूल केलं की आपणही इतकी वर्षं गाढव धरूनच वाचत होतो. दुसऱ्या दिवशी ते कडूबाच्या ओसरीवर आले, चहा बशीत ओतून थंड होईपर्यंत फुंकत राहिले, आणि शेवटी बोलले की यंदाचं नाटक शास्त्रात आहे तेवढंच करायचं ठरतंय. मालक नाही, गाढव नाही. काकांना मेंढपाळ करता येईल. मागच्या रांगेतला. बोलायचं काही नाही, फक्त देवदूत दिसला की घाबरायचं.

कडूबा म्हणाला, “मी कधी कोणाला घाबरलो न्हाई. आता काय देवदूताला घाबरू?”

पाळकसाहेब गेल्यावर तो उठला, गोठ्यात ठेवलेलं ते प्लायवूडचं दार काढलं, भिंतीला टेकवून त्याच्या भोकातून पलीकडं पाहिलं. पलीकडं भिंत होती.

भट्टीवर रामप्रसादला ही खबर आधीच पोचली होती. तो विटांच्या थप्पीवर बसून हरणीच्या कानातली गोचीड काढत होता, आणि तोंड असं केलं होतं जसं पोरीचं लग्न मोडलंय. हरणीनं काय वाकडं केलं, असं त्यानं विचारलं. एका नाताळला तरी लाथ मारली का? मरियेला पाडलं का? कडूबा म्हणाला, तिचं काही चुकलेलं नाही, माझंही नाही, आपण दोघं लिहायचे राहून गेलो.

“असं कसं,” रामप्रसाद म्हणाला. “येवढं मोठं पुस्तक. कुठंतरी आसल. तू पूर्ण वाचलंय ना?”

कडूबानं हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दहा आज्ञा वाचल्या होत्या. मेंढपाळाचं स्तोत्र पाठ होतं. बाकी पुस्तक घरात फळीवर होतं, रेशमी रुमालात, आणि त्याच्यावर औषधाच्या बाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो रुमालासकट पुस्तक घेऊन भट्टीवर आला. बेत साधा होता. दुसऱ्या अध्यायात नसेल तर तिसऱ्यात बघायचं, तिसऱ्यात नसेल तर चौथ्यात. मालक आणि गाढव मिळाले की थांबायचं. रामप्रसादनं चपला काढून बाजूला ठेवल्या, कारण पुस्तक कुणाचंही असलं तरी पुस्तक होतं, आणि हरणीला जवळ बांधलं, कारण प्रकरण तिचंही होतं.

तिसऱ्या अध्यायात वंशावळ निघाली. कडूबाला वाटलं हे गाळावं, पण रामप्रसादनं एकही नाव गाळू दिलं नाही. भाट येऊन पोथी सोडतो तसं त्यानं मान डोलवत सगळं ऐकलं, अगदी आदामापर्यंत, आणि म्हणाला, खानदानी माणूस आहे. पाचव्या अध्यायात काही जणांनी छप्पर उचकून लुळा माणूस बाजेसकट खाली सोडला, तेव्हा त्यानं विचारलं की घरमालकाला छपराचा खर्चा कोणी दिला. कडूबा म्हणाला, ते लिहिलेलं नाही. पण तो स्वतः दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकला होता. गर्दीमुळं त्यांना दारातून जाता आलं नाही. दारावर माझ्यासारखाच कोणीतरी असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते मनातच ठेवलं.

सातव्या अध्यायात विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवरून उठला. तो भाग संपला तेव्हा रामप्रसाद उठला आणि हरणीला पाणी दाखवायला घेऊन गेला. हरणी नुकतीच पाणी प्यायली होती. कडूबाही पान न उलटता बसून राहिला. भट्टीचा धूर डोळ्यात जात होता, असं दोघांनी नंतर एकमेकांना सांगितलं. भट्टी त्या दिवशी पेटवलेली नव्हती.

आठव्यात डुकरांचा कळप तळ्यात बुडाला. रामप्रसाद त्या दिवशी घरी जाईपर्यंत डुकरांच्या मालकाची बाजू मांडत होता.

एव्हाना कडूबा बुधवारीही जाऊ लागला होता. आधी दारापाशी बसला, हवेसाठी म्हणून. रामप्रसादच्या शंका तो स्वतःच्या म्हणून विचारायचा, त्यामुळे डुकरांवर एक सबंध संध्याकाळ गेली. पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांना ठसका लागला. सगुणाबाईनं औषधाच्या बाटल्या फळीवरून हलवून खिडकीत ठेवल्या, आणि नवरा बाजूला येऊन बसला तेव्हा आपलं बोट थोडं वर सरकवलं, त्याला ओळ दिसावी म्हणून.

नाताळ तोंडावर आला आणि दहावा अध्याय लागला. सकाळची वेळ, कोवळं ऊन, विटांवर दव. कडूबा वाचत होता: एक माणूस यरीहोच्या वाटेनं निघाला, लुटारूंनी त्याला मारून अर्धमेला टाकला. देवळातला याजक आला, बघून पलीकडून गेला. लेवी, म्हणजे देवळातलाच सेवेकरी, आला, तोही पलीकडून. रामप्रसादनं दोघांना कुंभारवाड्यातली एक शिवी दिली, मग पुस्तकाकडं बघून जीभ चावली. तिसरा आला तो शोमरोनी, ज्यांच्याशी कोणाचं उठणं-बसणं नाही असल्यांपैकी. त्यानं जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं आणि...

कडूबा थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

“आन् उतारशाळेत नेलं,” तो म्हणाला. “मालक हाये, रामप्रसाद. बराबर लिवलाय. मालक हाये.”

“आन् जनावर म्हंजे?”

“जनावर म्हंजे जनावर. गाढव लिवलं न्हाई.”

“गाढवच हाये ते,” रामप्रसाद ठामपणे म्हणाला. “घोड्यावर बसणारा माणूस खाली पडलेल्याला उचलत न्हाई.”

दोघं म्हातारे विटांच्या थप्पीवर पोरांसारखे हसत सुटले. हरणीनं एकदा ओरडून त्यात भर घातली. मग रामप्रसाद अचानक गंभीर झाला आणि त्यानं विचारलं, “पर कडूबा, ह्यो मालक आत घेतो. तुला जमल का? तुला आत घ्यायची सवय न्हाई.”

त्यात काय जमायचं, असं कडूबा म्हणाला. दार उघडायचं, या म्हणायचं. लहान पोरगं करील.

शोमरोन्याचंही नाटक करायची ही गोष्ट पाळकसाहेबांनी मान्य केली. आधी जन्माचं नाटक, शास्त्राप्रमाणे. मग शोमरोन्याचं, तेही शास्त्राप्रमाणे. शोमरोनी होणार पिठाच्या गिरणीवाला पप्पू. तोच दरसालचा योसेफ, आता फक्त फेट्याचा रंग बदलायचा. अर्धमेला व्हायला मात्र कोणी तयार होईना, नाताळचे नवे कपडे मातीत कोण लोळवणार? शेवटी पाळकसाहेब स्वतः झाले. वजनाला हलके, हरणीलाही बरं. कडूबाच्या वाट्याला दाराचं काम आलं. आजवर ते दार कधी उघडलंच नव्हतं, उघडायची गरजच पडली नव्हती. आता ते कापून बिजागऱ्या लावायच्या होत्या. कडूबा म्हणाला, मी करतो.

पण त्याचं सगळं चित्त नव्या ओव्यांत गुंतलं. आतल्या सगळ्या भाडेकऱ्यांना उठवून जागा करायची होती, आणि ते लोक सहजासहजी उठणारे नव्हते:

“सरक कारकुना, तुझी वळकटी उचल,
शिपाया, बाजूला हो, नको करू खळखळ,
जखमी आलाय दारी, त्याला अंथरा मखमल...”

बहिणीचा कुणबा हलवायला तर त्याला चार ओव्या लागल्या. ह्या सगळ्यात करवत गोठ्यातच राहिली. नाताळच्या संध्याकाळी दार उभं केल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं ते सुतळीनं दोन बांबूंना बांधलं आणि मनाशी म्हणाला, वेळ आली की उचलून बाजूला ठेवू.

सूर्य लिंबाआड गेला, चांदणीचा दिवा लागला, अंगण माणसांनी भरलं. पहिलं नाटक सुरू झालं. गाढव नाही, मालक नाही. योसेफ झालेला पप्पू आणि मरिया झालेली मंडळीतली पोर अक्षता पायीच आले आणि गव्हाणीशी बसले. सगुणाबाई माईकपुढं उभी राहून वाचत होती, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द उजेडात धरत. गाव शांत होतं. दाराआड अंधारात उभा असलेला कडूबा ऐकत होता, आणि ती त्या शब्दांपाशी आली: त्यांना जागा नव्हती.

एवढंच. ओवी नाही, कारकून नाही, हशा नाही. इतकी वर्षं तो ते वाक्य ओरडत आला होता, आज पहिल्यांदा त्यानं ते ऐकलं. बाळंतपणाला टेकलेली पोर, आणि जागा नव्हती. तो तिथं उभ्या उभ्या असा हरवला की नाटक कधी संपलं, टाळ्या कधी वाजल्या, लुटारूंनी पाळकसाहेबांना कधी बडवलं, याजक-लेवी कधी पलीकडून गेले, त्याला काही कळलं नाही.

कडी वाजली. तीच कडी, तीन ठोके, पप्पूच्याच हाताचे.

कडूबानं सवयीनं डोकं भोकातून बाहेर घातलं. समोर झूल घातलेली हरणी, दोरी धरलेला पप्पू, आणि पुढं सगळं गाव, त्याच्याच तोंडाकडं बघणारं. बाकी काम त्याच्या तोंडानं केलं, त्याला न विचारता.

“पहिल्या खोलीत गं कारकून गणतीचा...”

गाव खूश होऊन सोबत गाऊ लागलं. दुसरी खोली, तिसरी खोली. कडूबाचा आवाज चढला, डोळे मिटले, आणि शेवटी हात बाहेर निघाला.

“जागा न्हाई. पुढं व्हा.”

हरणी वळली. पप्पूनंही इतक्या वर्षांच्या योसेफपणाच्या सवयीनं दुःखानं मान खाली घातली आणि तिच्या मागं चालू लागला. हरणीच्या पाठीवर पालथे पडलेले पाळकसाहेब, हळदीच्या पट्ट्यांत गुंडाळलेले, तसेच लोंबकळत निघाले. सगळे फाटकातून बाहेर पडले. गावानं टाळ्यांचा कडकडाट केला, आणि पुढच्या रांगेतले उठून बुंदीकडं वळले सुद्धा.

माईक चालू होता. त्यातून सगुणाबाईचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत. “आवो, तो मरल की.”

कडूबानं डोळे उघडले. हरणीची शेपटी फाटकातून दिसेनाशी होत होती. त्याला पहिल्यांदा काही उमजेना, मग सगळं एकदम उमजलं, आणि त्यानं बाहेर झेप घेतली. डोकं आणि हात भोकातून बाहेर होतेच. खांदे अडकले. मागं जाईना, पुढं जाईना. तेवढ्यात सुतळ्या तुटल्या, आणि दार त्याच्याबरोबर निघालं.

मंग काय विचारता. पुढं हरणी, कारण “पुढं व्हा”नंतर भट्टीवर गूळ असतो हे तिला पक्कं माहीत, म्हणून ती आता दुडक्या चालीनं. तिच्या मागं पप्पू, ज्याला काहीतरी चुकलंय एवढंच कळलं होतं, काय ते नाही. त्याच्या मागं कडूबा, गळ्यात अख्खं दार, पटका सुटलेला, “थांबा, जागा हाये” असं ओरडत. त्याच्या मागं सगुणाबाई आणि अख्खं गाव, अर्ध्या लोकांच्या हातात बुंदीचे द्रोण. रस्त्यानं कापसाची गाडी चालली होती. तिच्या डायवरनं गाडी बाजूला घेतली, हात जोडले आणि मिरवणूक जाऊ दिली.

हरणी थेट भट्टीपाशी जाऊन उभी राहिली. कडूबा धापा टाकत पोचला, दारासकट वाकला आणि म्हणाला, “पाळकसाहेब, उतरा. माफी करा.”

पाळकसाहेबांनी डोळे न उघडता हळूच सांगितलं, “काका, मी अर्धमेला आहे. बोलत नसतो. तुम्ही तुमचं वाक्य घ्या.”

हा गृहस्थ एवढा रस्ता उलटा लोंबकळत, पोटात झुलीची गाठ रुतत आला, पण शास्त्रात तो माणूस बोलत नाही म्हणून बोलला नव्हता.

कडूबा सरळ झाला. सभोवती गाव गोळा झालं होतं, भोकातून बघायचं तसंच, आणि तो अजूनही भोकातूनच बघत होता. पण नव्या ओव्या कुठल्या कुठं गेल्या होत्या. मखमल आठवेना, वळकटी आठवेना. तो एवढंच म्हणाला, “जागा हाये. आत या.”

“आत कुठं?” पप्पूनं विचारलं, कारण आजूबाजूला सगळा मोकळा माळ होता.

उत्तर रामप्रसादनं दिलं. दार ह्याच्या गळ्यात आहे, म्हणजे हा उभा आहे तीच उतारशाळा. त्यानं भट्टीच्या उबेला पोती अंथरली. कडूबानं दारासकट वाकून पाळकसाहेबांना खांदा दिला, पप्पूनं पाय धरले, आणि जखमी माणूस अखेर आत आला. भट्टी दोन दिवसांपूर्वीच विझवली होती, विटा अजून कोमट होत्या. थंडीत गाव त्या विटांना पाठी लावून बसलं. बुंदी तिथंच वाटली गेली. पाळकसाहेबांनी मात्र ऊब लागल्यावर पाच मिनिटं उठायचंच नाकारलं, भूमिकेच्या नावाखाली.

दार काढायला कडूबाच्या गोठ्यातली करवत आणावी लागली. रामप्रसाद हरणीची बाजू घेत होता. तिला दोष देऊ नका, म्हणाला, तिला एकच धडा शिकवलेला, दुसरा कोणी दिलाच नाही. कडूबा ऐकत होता, आणि त्याचा हात आपोआप दंडावरच्या देवीच्या वणाकडं गेला होता. कापायला उभ्या असलेल्या पप्पूला वाटलं, करवत लागली.

सगुणाबाई शेजारी बसली होती. तिनं नवऱ्याच्या पायांची माती पदरानं झटकली आणि स्वतःशीच गुणगुणल्यासारखं म्हटलं:

“दार लाविलं धन्यानं, कडी घातिली हातानं,
मागं धावला वाटनं, पाय भरले मातीनं,
आत आणिलं पाव्हण्याला, दार मोडून छातीनं.”

कडूबा म्हणाला, चांगली आहे, पुढच्या वर्षी घेऊ. ती म्हणाली, तुम्ही घ्याल आणि तोंडातून कारकूनच निघेल.

पुढच्या बुधवारी तो चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसला, दारापाशी नाही, चटईच्या मधोमध. त्याच्या मागून रामप्रसाद आला. चपला बाहेर काढून तो म्हणाला की मी फक्त पुढं गाढव येतं का ते बघायला आलोय. पाळकसाहेबांनी त्याला सांगितलं, येतं, पण बरंच पुढं. मग बसतो, रामप्रसाद म्हणाला, हरणीला आज काम नाही.

अकरावा अध्याय सगुणाबाईनं वाचायला घेतला. बोट ओळीखाली सरकत होतं. एक माणूस अवेळी मित्राच्या दारी गेला. पाहुणा आलाय, भाकरी दे म्हणाला. आतून मित्र म्हणाला, मला त्रास देऊ नको, दार लावलंय, पोरं झोपलीत, मला उठता येत नाही.

मंडळीत कुणीतरी खुदकन हसलं. सगुणाबाई थांबली आणि तिनं तिरक्या नजरेनं शेजारी बघितलं. कडूबाचे कान लाल झाले होते.

“ह्यो मी हाये,” तो म्हणाला. “चल, पुढं वाच. उठतो का न्हाई शेवटी?”

सगुणाबाईनं त्याचा हात धरला, त्याचं जाड बोट आपल्या बोटाच्या जागी ओळीखाली ठेवलं आणि म्हणाली, “तुमीच बघा.”